गर्भाशय मागे कललंय आणि दुखतंय, आयुर्वेदात याला काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 31, दोन वर्षांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी, आता सोनोग्राफीत 'युटेरस रिट्रोव्हर्टेड' असं आलंय. पाळीत कंबर आणि माकडहाड भरून येतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, पोट नीट साफ होत नाही. कुणीतरी सांगितलंय की तेल लावून पोट चोळलं की गर्भाशय सरळ होतं. तर ते खरंच होतं का, औषध काय घ्यायचं, आणि दुसऱ्या मुलाला अडचण येईल का.

ताई, सगळ्यात आधी त्या रिपोर्टमधल्या शब्दाचं बघू, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी दुखण्यापेक्षा त्या शब्दालाच जास्त घाबरलेल्या असतात. 'उलटं गर्भाशय' असं कुणीतरी म्हणतं आणि बाई समजते की आत काहीतरी पालथं पडलंय. तसं काही नसतं. बहुतेक बायकांचं गर्भाशय पुढे, मूत्राशयावर वाकलेलं असतं आणि साधारण चार-पाच जणींमागे एकीचं मागे, गुदाच्या बाजूला कललेलं असतं. कुणाचा भांग डावीकडे पडतो कुणाचा उजवीकडे, तेवढाच फरक, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आयुष्यभर कळतसुद्धा नाही. शिवाय गर्भाशय काही खिळ्याने ठोकून बसवलेलं नाहीये, ते बंधनांवर झुलतं असतं, लघवीची पिशवी भरली की ते मागे ढकललं जातं आणि रिकामी झाली की परत पुढे येऊ शकतं. पोटावरून सोनोग्राफी करताना आपल्याला पाणी पाजून पिशवी भरायलाच लावतात, त्यामुळे एका दिवशीच्या एका रिपोर्टवरून माझं गर्भाशय असंच आहे असं मनाशी पक्कं करू नका.

तुमच्याकडे गरोदरपणातल्या अगदी पहिल्या सोनोग्राफीचा कागद असेल तर तो शोधा. त्यात तेव्हाही 'आरव्ही' म्हणजे रिट्रोव्हर्टेड लिहिलेलं असेल तर ही तुमची मूळची ठेवण आहे, तेव्हा दुखत नव्हतं आणि आता दुखतंय म्हणजे दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. तेव्हा पुढे होतं आणि बाळंतपणानंतर मागे गेलं असेल तर बंधनं सैल पडलीत, ही वेगळी गोष्ट, आणि इथे आयुर्वेदाला बऱ्यापैकी काम करता येतं.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न एकच आहे जो रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा लिहिलेला नसतो: गर्भाशय मागे कललंय ते हलतं आहे का चिकटलंय? हे आतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरला किंवा स्त्रीरोगाचं काम करणाऱ्या वैद्याला हाताला कळतं. हलतं असेल तर ते क्वचितच स्वतःहून दुखतं. चिकटलेलं असेल, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) किंवा जुन्या इन्फेक्शनमुळे किंवा ऑपरेशननंतर मागच्या अवयवांशी जाळी धरून बसलं असेल, तर दुखणं त्या चिकटण्याचं आणि मुळातल्या आजाराचं आहे, दिशेचं नाही, आणि मग ते चोळून सरळ करायला जाणं म्हणजे जखमेवरची खपली ओढण्यासारखं आहे. म्हणून पोट चोळून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे कृपा करून जाऊ नका. मागे वाकलेलं गर्भाशय असतं ओटीपोटाच्या हाडांच्या आत खोल, वरून पोट चोळून तिथे हात पोचतच नाही, पोचतो तो फक्त आतड्यांपर्यंत. गॅस सुटतो, जरा हलकं वाटतं, आणि बाईला वाटतं सरळ झालं.

गंमत म्हणजे ही चूक फक्त गावठी उपायवाल्यांनीच केली असं नाही हं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत सर्जन लोक कंबरदुखीपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याचं खापर मागे कललेल्या गर्भाशयावर फोडायचे आणि ते पुढे बांधून ठेवायची ऑपरेशनं सर्रास करायचे, हॉज नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची पेसरी म्हणजे आत बसवायची एक कडीसुद्धा त्यासाठीच वापरायचे. पुढे लक्षात आलं की हलत्या गर्भाशयाचा यातल्या बऱ्याच तक्रारींशी संबंधच नव्हता, आणि ती ऑपरेशनं मागे पडली. मी हे अशासाठी सांगते की 'सरळ करणं' हे ध्येयच डोक्यातून काढा, त्रास कमी करणं हे ध्येय ठेवा.

आता आयुर्वेद. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद सांगितलेत, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाचे वीस आजार. त्यातली 'अंतर्मुखी' नावाची जी आहे ती आमच्याकडचे बरेच लोक रिट्रोव्हर्शनशी जोडतात. वर्णन असं की पोट तडस भरेपर्यंत जेवून, अवघडलेल्या स्थितीत संबंध केला की अन्नाने दाबलेला वायू योनीमार्गात अडकतो आणि तिचं तोंड वाकडं करतो, मग हाडामांसात प्रचंड वेदना आणि मैथुन सहन न होणं. पण नीट वाचलं तर चरकाची ही बाई जबरदस्त दुखणाऱ्या अवस्थेतली आहे. आज ज्या बाईला काहीच त्रास नाही आणि नुसत्या रिपोर्टात आरव्ही आलंय तिला अंतर्मुखीचं लेबल लावून चार महिने औषध चालू करणं मला अजिबात पटत नाही. काही सहकाऱ्यांशी यावरून माझे वाद झालेत, होऊ देत.

तुमच्यासारखीला मात्र, जिला खरंच दुखतंय, ते वर्णन उपयोगाचं आहे, कारण त्यात गुन्हेगार कोण ते सांगितलंय: वायू. त्याच अध्यायात पुढे स्पष्टच म्हटलंय 'न हि वातादृते योनिर्नारीणां संप्रदुष्यति', वाताशिवाय योनी बिघडत नाही, म्हणून आधी त्याला शांत करा मग बाकीचे दोष बघा. आणि हा कुठला वायू, तर अपान, जो ओटीपोटात राहतो आणि मल, मूत्र, पाळीचा स्राव, गर्भ हे सगळं खाली बाहेर ढकलायचं काम करतो. एकाच घरात राहणारे हे सगळे. मागे कललेलं गर्भाशय बरोबर गुदाला टेकून बसतं, त्यामुळे तिथे कडक मल साठला की दोघांची धक्काबुक्की होते, कंबर आणि माकडहाड भरतं, पाळीत गर्भाशय आकसतं तेव्हा ते जास्तच जाणवतं. म्हणजे तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्यात त्यातल्या निदान दोन तरी मला एकच वाटतात.

म्हणून माझ्या ट्रीटमेंटची सुरुवात नेहमी पोटापासून होते आणि पेशंटला ते फार निराशाजनक वाटतं, तिला गर्भाशयाचं औषध हवं असतं आणि मी विचारत बसते की संडासला किती वेळ बसता. लहान मूल सांभाळणारी बाई काय करते, वेग आला तरी दाबून ठेवते, मूल झोपलं की जाते, तोपर्यंत वेग गेलेला असतो. लघवीचंही तेच. हे वेगधारण बंद झालं नाही तर मी दिलेलं कुठलंही तेल वाया जाणार. रात्री कोमट पाण्याबरोबर एक चमचा त्रिफळा, साधारण 3 ते 5 ग्रॅम, किंवा त्रिफळ्याने कोरडेपणा येत असेल तर गंधर्वहरीतकी, ती एरंडेलात भाजलेली असते म्हणून वाताला बरी. गॅस जास्त असेल तर हिंग्वाष्टक चूर्ण अर्धा चमचा तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, पहिल्याच घासाबरोबर, नंतर पाण्यातून घेतलं तर तो फायदा मिळत नाही. पण पित्ताचा त्रास, छातीत जळजळ असेल तर हिंगाच्या नादी लागू नका. जेवणात तूप असू दे, शिळं कोरडं आणि जेवायच्या अनियमित वेळा टाळा, आहाराबद्दल याहून लांबलचक पथ्यं मी देत नाही कारण ती कुणी पाळत नाही.

यानंतर येते बस्ती, आणि खरं सांगायचं तर या त्रासात मला सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. गुदमार्गाने औषधी तेल किंवा काढा देणं म्हणजे बस्ती, एनिमासारखी दिसते पण हेतू वेगळा असतो, नुसतं पोट साफ करणं नाही तर तेल पक्वाशयात म्हणजे मोठ्या आतड्यात काही तास राहून वाताच्या मूळ घरातच त्याला शांत करणं. मात्राबस्ती सोपी, जेवण झाल्यावर लगेच साधारण 60 मिली कोमट तेल, सहचर तेल म्हणजे कोरांटीचं, किंवा दशमूळ सिद्ध तेल. सात-आठ दिवस सलग, पाळी संपल्यावर चालू करायची, आधी कंबरेला आणि ओटीपोटाला हलक्या हाताने तेल लावून शेक. गरज पडली तर मध्ये दशमुळाच्या काढ्याची निरूह बस्ती. माझा अनुभव असा की पहिल्या सायकलमध्ये फरक पोटात दिसतो, कंबरेत दिसायला दुसरी-तिसरी पाळी उजाडते, तेव्हा पहिल्याच महिन्यात सोडून देऊ नका. आणि ही पहिल्यांदा तरी वैद्याकडेच घ्या. मूळव्याध, भगंदर किंवा जुलाब चालू असतील तर ते आधी सांगा.

योनिपिचू हा दुसरा उपाय. निर्जंतुक कापसाची गुंडाळी गॉजमध्ये बांधून, दोरा बाहेर ठेवून, कोमट तेलात भिजवून आत ठेवतात, बला तेल किंवा धान्वंतर तेल, दोन-तीन तास किंवा लघवीची भावना होईपर्यंत. कोरडेपणा, आतल्या स्नायूंचा ताठरपणा, डिलिव्हरीच्या टाक्यांच्या जागी ओढ, याला छान उपयोगी पडतो. तुम्ही अजून बाळाला पाजत असाल तर कोरडेपणा असणारच, त्या काळात हार्मोन तसे कमी असतात, आणि मग सुरुवातीलाच आग होते. तुम्ही आत खोलवर असं लिहिलंय, तरी नीट लक्ष देऊन सांगा, दुखतं ते फक्त आत खोल का तोंडाशीही? तोंडाशी असेल तर त्याचा गर्भाशयाच्या दिशेशी काही संबंध नाही, पिचूने महिन्याभरात फरक पडेल. पांढरं जास्त जात असेल, खाज, वास असेल तर पिचू नाही, आधी इन्फेक्शन जाऊ दे. पाळीत नाही. घरचं खायचं तेल आणि साधा कापूस तर मुळीच नाही, कापूस आत सुटून राहिलेल्या बायका मी पाहिल्यात.

उत्तरबस्तीबद्दल पण विचारतात, गर्भाशयात औषधी तेल सोडणं. ती निव्वळ रिट्रोव्हर्शनसाठी मी करत नाही. आणि जिथे करायची तिथे गर्भाशय कुठल्या दिशेला वाकलंय हे करणाऱ्याला माहीत असणं फार गरजेचं, कारण नळी चुकीच्या कोनात गेली तर भिंतीला इजा होऊ शकते. कॉपर टी बसवतानाही हेच, म्हणून कधी बसवायची झाली तर 'माझं मागे कललेलं आहे' हे स्वतःहून सांगत जा. या रिपोर्टचा खरा व्यवहारी उपयोग मला तरी एवढाच दिसतो.

चरकाने त्याच अध्यायात असंही म्हटलंय की स्नेहन-स्वेदन म्हणजे तेल लावणं आणि शेक करून वाकडी झालेली योनी हाताने वाकवून जागेवर आणावी, 'पाणिना नामयेज्जिह्माम्'. याचाच दाखला देऊन काही लोक आतून हाताने सरळ करून देण्याचं दुकान चालवतात. ते वचन खरं आहे, पण ते प्रशिक्षित वैद्यासाठी, स्नेह-स्वेदाने सगळं मऊ केल्यावरचं आहे आणि त्या काळी चिकटलंय का हे बघायला दुसरं साधन नव्हतं. आज आहे. आणि हलतं गर्भाशय हाताने पुढे आणलं तरी बंधनं तशीच असल्यावर ते उठून बसताच पुन्हा मागे जाऊ शकतं, मग कशाला तो खटाटोप.

पोटातून घ्यायचं औषध म्हणाल तर दशमूलारिष्ट, 15 ते 20 मिली तेवढ्याच पाण्यातून दोन्ही जेवणांनंतर, बाळंतपणानंतरच्या वाताला जुनं आणि भरवशाचं. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही ती दहा मुळं. अरिष्टात साखर-गूळ आणि थोडं आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, म्हणून डायबेटीसवाल्यांनी आणि बाळाला पाजणाऱ्यांनी विचारूनच, त्यांना मी काढा देते. थकवा, अशक्तपणा, कोरडेपणा असेल तर शतावरी 3 ते 5 ग्रॅम दुधातून. अशोकारिष्ट जो तो आपल्या मनाने घेतो, पण ते मुख्यतः जास्त रक्तस्रावासाठी आहे, तुमची तक्रार ती नाही. रजःप्रवर्तनी वटी पाळीत दुखतं म्हणून मैत्रिणीने दिली असं करू नका, मूल राहायचा प्रयत्न चालू असताना तर नाहीच. धातू-पारा असलेली रसौषधंही नाहीत. एरंडेलही त्या काळात पाळीआधीच्या पंधरवड्यात टाळलेलं बरं, गर्भ राहिला असेल तर आपल्याला कळलेलंही नसतं.

पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ओटीपोटाला नाही तर कंबरेला, माकडहाडाच्या वर शेक घ्या, मागे कललेल्यांना तिथे जास्त बरं वाटतं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन किंवा पालथं झोपून बघा, बऱ्याच जणींना उताणं झोपलं की जास्त दुखतं. आणि त्या दिवसांत जड उचलणं थांबवा, मूल कडेवर घेणं थांबवता येणार नाही हे मला कळतं, पण निदान वाकून एका झटक्यात उचलू नका, खाली बसून घ्या.

संबंधाच्या वेळचं दुखणं, यावर कुणी मोकळेपणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागे कललेल्या गर्भाशयात उताणं झोपलेल्या किंवा मागून केलेल्या संबंधात खोलवर धक्का बसू शकतो, कधी बीजांडकोशही त्या मागच्या खड्ड्यात उतरलेला असतो आणि त्याला लागलं की कळ डोक्यात जाते. कुशीवर किंवा स्त्री वर असलेल्या स्थितीत खोली आणि वेग तिच्या हातात राहतो, एवढ्या एका बदलाने कितीतरी जणींचं औषधच थांबतं. आधी लघवी करून या, पोट साफ नसलेल्या दिवशी टाळा, भरल्या पोटी टाळा, चरकाने जे सांगितलं ते इथे अक्षरशः लागू पडतं. नवऱ्याला सांगा की दुखतंय. दुखतंय हे सहन करत राहिलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळतात, मग आणखी दुखतं, आणि मग मूळ कारण गेलं तरी ते आवळणं राहतं.

व्यायामात पण तेच लक्षात ठेवा. सगळीकडे केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, करा सांगतात, डिलिव्हरीनंतर स्नायू सैल असतील, खोकताना लघवी निसटत असेल तर केगल आणि मूलबंध जरूर करा. पण ज्यांचे स्नायू आधीच ताठ आहेत, आत बोट घातलं तरी दुखतं, त्यांना केगलने त्रास वाढतो, त्यांनी सैल सोडायला शिकायचं, दीर्घ श्वास घेऊन खालचा भाग मोकळा सोडायचा. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून पार्श्वभाग वर, अशी पाच-पाच मिनिटं सकाळ-संध्याकाळ, आणि मार्जारासन, ही दोन मी बहुतेकींना देते. याने गर्भाशय कायमचं पुढे येतं असा माझा दावा नाही, पण ओटीपोटातला दाब उतरतो, गॅस सुटतो, कंबर मोकळी होते.

दुसऱ्या मुलाचं म्हणाल तर निव्वळ गर्भाशय मागे आहे म्हणून गर्भ राहत नाही असं होत नाही. संबंधानंतर पालथं झोपा, पाय वर करा वगैरे करून मन शांत होत असेल तर करा. गर्भ राहिल्यावर साधारण बारा ते चौदा आठवड्यांत वाढणारं गर्भाशय स्वतःच वर उचललं जातं आणि तो विषय तिथेच संपतो. अगदी क्वचित ते ओटीपोटात अडकून राहतं, तेव्हा साधारण चौथ्या महिन्यात लघवी अडते, थेंबथेंब होते, खाली खूप दाब येतो, असं झालं तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि गर्भ राहिला की बस्ती, पिचू, वरची सगळी औषधं बंद, आधी वैद्याला कळवा.

आता ज्या गोष्टी असतील तर माझ्याकडे किंवा कुणाही वैद्याकडे यायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन यायचं: दर महिन्याला दुखणं वाढत चाललंय, पाळीच्या दिवसांत संडासला बसताना भाल्यासारखं टोचतं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसतं, ताप आणि घाण वासाचा स्राव, किंवा एक वर्ष प्रयत्न करून गर्भ राहिलेला नाही. यातलं संडासच्या वेळचं टोचणं नीट लक्षात घ्या, ती एंडोमेट्रिओसिसची खूण असू शकते आणि 'आरव्ही आहे म्हणून दुखतं' या एका वाक्याखाली ती वर्षानुवर्षं दबून राहते. तुमचं मागे कललेलं आणि बद्धकोष्ठ असलेलं बघता मला हे आधी तपासून हवंय, आतून सोनोग्राफी आणि हाताने तपासणी, गर्भाशय हलतंय का हे त्यांना मुद्दाम विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

ते हलतंय असं आलं तर पुढच्या पाळीनंतर बस्ती चालू करू. आजपासूनच एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा, पोट साफ झालं का, दुखणं दहापैकी किती, आणि संबंध झाला असेल तर कुठे दुखलं, तोंडाशी का आत. तीन पाळ्यांची वही घेऊन या, तेव्हा पिचू लागणार का नाही ते ठरवता येईल.